भिंतीतली रद्दी

मुठीत घेतलं की ते दबतं, आणि मूठ उघडली की हळूहळू पुन्हा फुलतं. रंग करडा. स्पर्श पिंजलेल्या कापसाचा, पण कापसाइतका स्निग्ध नाही. थोडा कोरडा, थोडा भुरभुरीत. बोटांच्या पेरांवर बारीक धूळ बसते. खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं तर त्या करड्या रंगात एखादा निळा ठिपका, एखादा तांबडा कण, क्वचित एखादं अर्धं अक्षर सापडतं. ही वर्तमानपत्राची रद्दी आहे, तंतू तंतू सुटा केलेली आणि बोरेटचा क्षार लावलेली. उत्तर अमेरिकेत तिला सेल्युलोज इन्सुलेशन म्हणतात. मिनियापोलिसच्या दक्षिण भागातल्या आमच्या घराच्या भिंतींत आणि माळ्यावर ती भरलेली आहे.

घरात सर्वांत जास्त काम करणारी आणि एकदाही दृष्टीस न पडणारी ही वस्तू. तिचा आस्वाद डोळ्यांनी घेता येत नाही. तो घ्यावा लागतो तळपायांनी, भिंतीला टेकलेल्या पाठीने आणि कानांनी. मी बारा हिवाळे तो घेतो आहे, आणि ही गोष्ट मला दर हिवाळ्यात थोडी अधिक सुंदर वाटते.

आमचं घर १९२६ सालचं. बाहेरून खरबरीत स्टको, आतून लाकडी पट्ट्यांवर चढवलेला गिलावा, वर अर्धा मजला. म्हणजे वरच्या खोल्यांच्या भिंती कमरेपर्यंत सरळ आणि पुढे छताच्या उताराबरोबर तिरप्या. दक्षिण मिनियापोलिसमध्ये अशी दीडमजली घरं गल्लोगल्ली आहेत. मराठी माणसाला भिंत म्हटली की वीट किंवा दगड आठवतो, एकसंध आणि भरीव. इथली भिंत म्हणजे पेटी. सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी स्टड, आतून गिलावा, बाहेरून फळ्या, आणि मधे साडेतीन-चार इंचांची पोकळी. त्या काळात बहुतेक घरांत ही पोकळी रिकामीच ठेवत. जळण स्वस्त होतं, आणि तळघरातली कोळशाची भट्टी रात्रंदिवस धगधगत असे.

आता, हवा ही उष्णतेची वाईट वाहक. मग पोकळीत हवा असताना भिंत गार का पडायची? सगळी गोम इथेच आहे. पोकळीतली हवा उभी राहत नाही. गिलाव्याच्या बाजूची हवा तापते आणि वर चढते, बाहेरच्या फळ्यांशी पोचली की गार होऊन खाली उतरते, आणि तळाशी येऊन पुन्हा गिलाव्याला भिडते. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. एकेक गाडगं आतून ऊब भरून घेतं आणि बाहेर नेऊन ओततं. बैल थकतो, हे रहाटगाडगं थकत नाही. बाहेर उणे २५ असेल तेव्हा तर ते दुप्पट जोराने फिरतं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात विजेच्या बटणांच्या पेटीतून वाऱ्याची एक बारीक थंड सुतळी यायची. हाताला स्पष्ट लागायची. मुलीची खाट आम्ही बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढली होती.

इन्सुलेशनचं काम, कुठल्याही इन्सुलेशनचं, एवढंच की हे रहाटगाडगं थांबवायचं. ऊब कागदात नसते. ती थांबलेल्या हवेत असते. आकडे पाहिले तर हे पटतं. निश्चल हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॉट प्रति मीटर-केल्विन. वीट ०.७ च्या आसपास. आणि सेल्युलोज भरलेली पोकळी ०.०४. म्हणजे कागद घालून आपण जवळजवळ निश्चल हवेइतकी चांगली भिंत मिळवतो. कागदाच्या तंतूंचं स्वतःचं आकारमान या सगळ्यात किती? भिंतीत ते दाबून भरतात तेव्हा एका घनमीटरला सुमारे ५६ किलो बसतं. लाकडाचा मूळ तंतू घनमीटरला १५०० किलो भरतो. भागाकार केला की कळतं, ठासून भरलेल्या त्या भिंतीतसुद्धा शंभरातले शहाण्णव भाग हवाच आहे. चार भाग कागदाने शहाण्णव भाग हवेला जागच्या जागी धरून ठेवलेलं आहे. या प्रमाणाचं मला अजून नवल वाटतं.

काचतंतूची गादीही हेच करते, आणि ते कबूल करायला हवं. कारखान्यातून बाहेर पडताना ती चांगलीच असते. अडचण भिंतीत सुरू होते. जुन्या घराची पोकळी सरळ नसते. मधून विजेची तार गेलेली असते, आडवी फळी ठोकलेली असते, एखादा स्टड वाकडा असतो, खिळ्यांची टोकं आलेली असतात. चौकोनी कापलेली गादी तारेपाशी दबते, कोपऱ्यात पोचत नाही, फळीच्या मागे पोकळ राहते. जिथे फट, तिथे रहाट. शिवाय जुनी भिंत उघडल्याशिवाय गादी आत घालताच येत नाही. सेल्युलोज हवेबरोबर वाहत आत जातं, तारेला वळसा घालतं, खिळ्याभोवती बसतं, आणि पोकळीचा जो आकार असेल तो घेतं. साच्यात ओतल्यासारखं. त्याला आकार नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

माळ्यावर हा फरक आणखी उघडा पडतो. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९० च्या सुमारास सैल पसरलेल्या इन्सुलेशनच्या चाचण्या घेतल्या. कडाक्याच्या थंडीत सैल काचतंतूच्या थराच्या आतच हवेची चक्रं सुरू झाली आणि त्याचा उष्णतारोध निम्म्याच्या जवळ उतरला. म्हणजे नेमका गरजेच्या रात्री. सेल्युलोजमध्ये तसं घडलं नाही, कारण त्याचे तंतू दाट आणि गुंतलेले. तेव्हापासून काचतंतू सुधारला आहे, पण मिनेसोटाच्या जानेवारीसाठी माझा कौल कागदालाच.

भरण्याचं काम पाहणं हा स्वतंत्र आनंद आहे. रस्त्यावर ट्रक, ट्रकमध्ये मशीन, मशीनच्या तोंडाशी पोती रचलेली. एकेक पोतं सुमारे ११ किलोचं, दाबून घट्ट बांधलेलं, विटेसारखं टणक. ते फोडून मशीनच्या पोटात टाकतात. आतले फिरते दात त्याला उकलतात, आणि पंखा हवेच्या जोराने लांब नळीतून वर पाठवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या साताऱ्याच्या आळीत येणारा पिंजारी आठवला. वापरून वापरून दगड झालेली गादी तो उसवायचा, आतला गठ्ठा कमानीच्या तातीखाली धरायचा, आणि तातीच्या एकसुरी झणत्काराबरोबर कापूस पुन्हा ढगासारखा उठायचा. कापूस तोच, वजन तेच. तो फक्त आत हवा भरून द्यायचा. आजी म्हणायची, गादी पिंजून आणली की अंथरुणात ऊब परत येते. मिनियापोलिसमधलं हे मशीन त्या कमानीचंच काम करतं.

पण पिंजलेला कापूस बसतो, आणि सैल सेल्युलोजही बसतं. माळ्यावर भुरभुरवलेला थर काही काळात साधारण १३ ते २० टक्के खाली दबतो. आडव्या माळ्यावर याची काळजी नाही. थोडं जास्त भरलं की झालं. उभ्या भिंतीत मात्र तंतू खाली घसरला की वरच्या टोकाला रिकामी पट्टी उरते. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे पक्कं माहीत असतं. ती जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवत नाही. बोटभर अंतरावर धावदोरा घालून त्यांना जागच्या जागी बांधते, म्हणून दहा वर्षं धुतली तरी गोधडीची एक बाजू जाड आणि एक बाजू पातळ होत नाही. भिंतीत धावदोरा घालता येत नाही. तिथे ते काम दाब करतो. घनफुटाला साडेतीन पौंड, म्हणजे तेच ५६ किलो घनमीटरला, एवढं दाट भरलं की तंतू स्टडना आणि फळ्यांना रेटून उभे राहतात आणि खाली येत नाहीत. कारागीर याला डेन्स पॅक म्हणतात.

ते भरणाऱ्या माणसाचे हात मी दोन दिवस पाहत होतो. बाहेरून प्रत्येक दोन स्टडच्या मधे दोन इंचांचं भोक पाडायचं. त्यातून लवचिक नळी पोकळीत शेवटपर्यंत सरकवायची. मशीन सुरू. पहिल्यांदा नळीतून मोकळा सूंऽऽ असा आवाज. मग तंतू नळीच्या टोकापाशी साठत जातात, आवाज जड होतो, नळी हातात किंचित थरथरते, आणि एका क्षणी प्रवाह अडतो. त्या क्षणी तो माणूस नळी वीतभर मागे ओढायचा. पुन्हा सूर मोकळा, पुन्हा जड, पुन्हा वीतभर मागे. पूर्ण वेळ त्याचं लक्ष भिंतीकडे नव्हतंच. तो ऐकत होता. आत काय चाललंय हे डोळ्यांना दिसत नाही, आणि आवाजाला ते लपवता येत नाही. भरून झाल्यावर तो बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहायचा. कुंभाराच्या मडक्याला टिचकी मारून आपण खणखणीत आवाज शोधतो. इथे उलट, बद्द आवाज आला की काम चांगलं. एका जागी, जिन्याच्या मागे, आवाज पोकळ आला. आत कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी आडवी फळी ठोकली होती. त्याने फळीच्या वर दुसरं भोक पाडलं आणि तेवढी जागा भरून काढली.

त्याच आठवड्यात आई साताऱ्याहून आलेली होती. पोर्चमध्ये रचलेली पोती तिने पाहिली, एकाचं तोंड उघडून मूठभर तंतू हातावर घेतला आणि विचारलं, "ही रद्दी? भिंतीत कोंबायची? वाळवी लागेल की रे." थोड्या वेळाने, "आणि पेट घेतला तर?" आणि संध्याकाळी, चहा पिताना, "ओल धरली म्हणजे?" या वस्तूविषयी विचारण्यासारखं जे काही आहे ते सगळं आईने एका दिवसात विचारलं होतं.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते आईच्याच ओळखीचं निघालं. पोत्यातल्या मालात वजनाने ८० ते ८५ टक्के कागद असतो. उरलेला भाग बहुधा बोरिक आम्ल आणि बोरॅक्स. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. सोनार डाग देताना धातूवर तोच घालतो. संस्कृतातलं टंकण ते हेच. हिमालयापलीकडून उतरणारा कच्चा टाकणखार युरोपात टिंकल या नावाने ओळखला जाई, आणि ते नाव याच शब्दावरून गेलेलं. आणि बोरिक पावडर तर महाराष्ट्रात घरोघरी: मुलं ती कॅरमबोर्डावर टाकतात आणि आया कणकेत मळून ओट्याखाली गोळ्या ठेवतात, झुरळांसाठी. आईला एवढं सांगितल्यावर वाळवीचं समजावून सांगावं लागलं नाही. झुरळाचं जे होतं तेच कागद कुरतडू पाहणाऱ्या किड्याचं होतं. बुरशीही बोरेटवर सहसा धरत नाही. आज हा क्षार प्रामुख्याने तुर्कस्तानातून आणि कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातून येतो. तिथल्या खाणीच्या गावाचं नावच बोरॉन आहे.

आगीचं मात्र डोळ्यांनी पाहावं लागलं. कामाच्या प्रमुखाने पत्र्याच्या झाकणावर मूठभर तंतू ठेवला आणि वरून गॅसची टॉर्च धरली. वरचा भाग काळा पडला, कडेने तांबूस चमकला, आणि टॉर्च बाजूला घेतल्यावर चमक विझली. खालचा तंतू करडाच होता. यात दोन क्षारांची वाटणी आहे. टाकणखार ज्वाळा पसरू देत नाही. बोरिक आम्ल आतल्या आत धुमसत राहणं थांबवतं. दोघं मिळून तंतूचा पटकन कोळसा करतात, आणि तो कोळशाचा थरच खालच्या कागदाची ढाल होतो. शिवाय दाट भरलेल्या पोकळीतून आगीला वर चढायला हवाच मिळत नाही. रिकामी उभी पोकळी मात्र धुराड्यासारखी ओढते.

हा दर्जा आपोआप आलेला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत घरं इन्सुलेट करण्याची लाट आली. १९७६ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं थंडीसाठी सज्ज करून देणारी सरकारी योजना सुरू झाली, आणि ती अजून चालू आहे. कागद दळून पोत्यात भरायला फार भांडवल लागत नाही, तेव्हा छोटे उत्पादक भराभर उभे राहिले, आणि काहींच्या मालात क्षार पुरेसा नव्हता. १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास सेल्युलोज इन्सुलेशनच्या आगसुरक्षेसाठी कायदा केला. पुढच्याच वर्षी संघीय व्यापार आयोगाने घरगुती इन्सुलेशनच्या वेष्टनावर काय छापायचं याचा नियम आणला.

त्या नियमामुळे प्रत्येक पोत्यावर एक तक्ता असतो, आणि तो तक्ता मी अनेकदा वाचला आहे. आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतेला होणारा विरोध. तेवढ्यासाठी बसल्यानंतरची जाडी किती हवी. भरताना किती. हजार चौरस फुटांना किती पोती. आणि दर चौरस फुटाला कमीत कमी वजन किती. या सगळ्यांत मोलाचा रकाना शेवटचा. मशीनमध्ये हवा जास्त सोडली तर कमी मालात जास्त जाडी दिसते. मापपट्टी समाधानी होते, दोन वर्षांत थर खाली बसतो. वजन असं फुगवता येत नाही. म्हणून मी रिकामी पोती मोजून ठेवली. भिंतींना ४९ लागली. साधारण साडेपाचशे किलो. रोज दीडशे ग्रॅमचा पेपर घेणाऱ्या घरात एवढी रद्दी साठायला दहा वर्षं लागतात. फडताळात अंथरून, आंब्याच्या अढीवर घालून, वह्यांना कव्हरं करून उरलेली रद्दी आमच्या घरी दर दोन महिन्यांनी तागडीत जायची; तिच्यात दहा वर्षांत एका घराच्या भिंतींचा कोट होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

काच वितळवायला भट्टी १४०० अंशांच्या पुढे तापवावी लागते. कागद उकलायला फक्त फिरते दात लागतात. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन पेपरमधून भिंतीत येतो आणि घर उभं असेतोवर तिथेच राहतो. फोमची फवारणी इंचाला जास्त रोध देते, हे खरं. हवाही एका झटक्यात अडवते. पण ती पेट्रोलियमची, महाग, आणि एकदा बसली की भिंतीशी कायमची जोडली जाते. पुढच्या पिढीला तार बदलायची असेल तर सेल्युलोज पुन्हा शोषून काढता येतं.

आता ऊब. साडेतीन इंचांच्या पोकळीत आर-व्हॅल्यू १३ च्या जवळ येते, आणि माळ्यावर १४ इंचांत ४९. हे आकडे कागदावर कोरडे वाटतात, म्हणून एक हिशेब करून पाहिला. बाहेर उणे २५, घरात २०. पूर्वीच्या पोकळ भिंतीच्या आतल्या गिलाव्याचं तापमान साधारण १३ अंश येतं. भरल्यानंतर १८. थर्मोस्टॅट दोन्ही वेळी २० च दाखवतो. तरीही पहिल्या घरात आपण शाल घेऊन बसतो, कारण आपलं अंग भिंतीकडे सतत उष्णता फेकत असतं, आणि १३ अंशांची भिंत ती गिळत राहते. पाठीला गारवा लागतो तो हवेचा नव्हे, भिंतीचा. १८ अंशांची भिंत आपल्याला एकटं सोडते. घर गरम होणं वेगळं, आणि घरातला गारठा निघून जाणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला शब्द सापडत नाही, पण भिंती भरल्यानंतरच्या डिसेंबरात मुलीची खाट पुन्हा भिंतीला लागली आणि आम्हा दोघांपैकी कुणी ती सरकवल्याचं दुसऱ्याला सांगितलंही नाही.

दुसरा आनंद मी मागितला नव्हता. विमानतळ जवळ आहे, आणि वाऱ्याची दिशा तशी असली की विमानं छपरावरून जातात. भिंती भरल्यानंतर त्यांचा आवाज एका खोलीने मागे सरकला. बर्फ पडून गेल्यावर सकाळी जी शांतता बाहेर असते तसली शांतता घरात आली. उन्हाळ्यातही फरक जाणवतो. छपराखालची जागा जुलैत भट्टीसारखी तापते. तोच ताप खालच्या खोलीत पोचायला आता वेळ लागतो, कारण दाट कागद काचतंतूपेक्षा बरीच जास्त उष्णता स्वतःत साठवतो. दुपारचा उकाडा रात्री येतो, तेव्हा खिडक्या उघडता येतात.

उरला आईचा तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत खोल होता. कागद ओल पितो. थोडी पिणं हा त्याचा गुण आहे: घरातली वाफ भिंतीत शिरली तर तंतू ती वाटून घेतात, एका जागी थेंब साचू देत नाहीत, आणि हवा कोरडी झाली की सोडून देतात. पण गळतीचं पाणी त्याला सोसत नाही. भिजलं की जड होतं, खचतं, आणि पुन्हा पूर्वीसारखं फुलत नाही. आमच्या माळ्यावर, आम्ही घर घेण्यापूर्वी, कुणीतरी न्हाणीघराच्या पंख्याची नळी छपराखालीच उघडी सोडून दिली होती. रोजच्या अंघोळीची वाफ माळ्यावर. जानेवारीत खिळ्यांच्या टोकांवर दव गोठून पांढरे कळे आलेले, आणि मार्चमध्ये ते वितळून थेंब पडत. तिथे कागद घातला असता तर महिन्याभरात लगदा झाला असता. नळी छपरातून बाहेर काढली, आणि मगच पुढचं काम.

याहून मोठी गोष्ट हवेची गळती. घरातली ऊबदार हवा भिंतींच्या माथ्यावरच्या फटींतून, चिमणीच्या भोवतालच्या मोकळ्या जागेतून, नळांच्या भोकांतून माळ्यावर चढते आणि बरोबर ओल नेते. दाट भरलेली भिंत हवेला बरंच अडवते. माळ्यावरचा सैल थर नाही अडवत. म्हणून चांगले कारागीर आधी दारात पंखा बसवून घरातली हवा ओढतात, ५० पास्कल दाबावर घर किती गळतं ते मोजतात, एकेक फट शोधून बुजवतात, चिमणीभोवती पत्रा आणि आग सोसणारं सील लावतात. हे न करता जो थेट पोती फोडतो, त्याला काम देऊ नये. जुन्या तारांची तपासणीही आधीच. चिनी मातीच्या खुंट्यांवरून गेलेल्या जुन्या पद्धतीच्या चालू तारा कागदाखाली पुरायच्या नाहीत. माळ्यावर चमकदार भुऱ्या गोट्यांचा व्हर्मिक्युलाइट सापडला तर त्याला हातही लावायचा नाही. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि तो फुलवणारा एक कारखाना ईशान्य मिनियापोलिसमध्येच होता.

आमच्या घरातला कच्चा दुवा म्हणजे वरच्या मजल्याचे तिरपे भाग. तिथे छपराच्या वाशांमधे जागा साडेपाच इंचांची. ठासून भरूनही आर-व्हॅल्यू वीसच्या आसपास अडकते. त्या पट्ट्यातून थोडी ऊब अजून छपराला पोचते, बर्फ खालून वितळतो आणि पन्हाळीशी येऊन गोठतो. पूर्वी तिथे हातभर लांबीचे बर्फाचे सुळे लटकायचे. आता बोटाएवढे लटकतात. छप्पर बदलताना वरून जाडी वाढवायची, हाच त्यावर इलाज आहे, आणि तो अजून झालेला नाही.

पुण्या-मुंबईच्या भरीव भिंतींसाठी ही वस्तू नाही, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत मी ती सुचवणारही नाही. तिची जागा लाकडी सांगाड्याच्या थंड मुलखातली. अशा मुलखात जी मराठी कुटुंबं जुनी घरं घेत आहेत, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पोत्यावर फक्त बोरेट लिहिलेलं पाहा. अमोनियम सल्फेट घातलेला माल स्वस्त पडतो, पण ओल लागली की अमोनियाचा वास येतो आणि तांब्याचे नळ खराब होऊ शकतात. भरताना धूळ प्रचंड उडते; त्या दिवशी मुलांना आणि दमेकऱ्यांना बाहेर ठेवा. आणि फार थांबू नका. छापील पेपर कमी होत चालले आहेत. कारखाने आता जुनी खोकी दळून तंतू बनवू लागले आहेत. खोक्यांचा तंतूही काम करतो. पण त्यात अक्षर सापडत नाही.

काम संपल्यावर माळ्यावर दर ३०० चौरस फुटांना एक मापपट्टी उभी करतात, आकडे चढण्याच्या झडपेकडे तोंड करून, म्हणजे वर डोकं काढलं की वाचता यावेत. झडपेशेजारी एक कार्ड टाचतात. आमच्या कार्डावर तारीख आहे, कामाच्या प्रमुखाची सही आहे, आणि खाली लिहिलं आहे: माळा, बसल्यानंतर १४ इंच, ५२ पोती. मागच्या महिन्यात मी वर जाऊन पाहिलं. पट्ट्यांवर १४ च आहे.